नक्कल आहे, पण ती चालते का?
चार जुन्या संगणकांचे क्लस्टर उभारताना आणि तपासताना आलेला अनुभव

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या दुकानाच्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. तिच्यात पाच वर्षांची उधारी होती. कोणत्या पार्टीला किती तागे गेले, किती रक्कम आली, किती बाकी राहिली, हे सारे त्या एका डिस्कवर. आम्ही सुरुवातीला घाबरलो नाही, कारण नक्कल ठेवलेली होती. दर आठवड्याला दुकान बंद करताना आमचा मुलगा पेन ड्राइव्ह लावून फाइल उतरवून घेत असे. ती पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावली. फाइल दिसली, नाव बरोबर, तारीखही बरोबर. पण ती उघडेना. पाच वर्षांत ती एकदाही उघडून पाहिलेली नव्हती.

पुढचे दोन महिने बिलबुके आणि बिलट्या चाळून खतावणी पुन्हा लिहिण्यात गेले. बहुतेक पार्ट्यांनी आपली वही दाखवून इमानदारीने बाकी कबूल केली. काहींनी केली नाही, आणि ती रक्कम आम्हाला सोडून द्यावी लागली. कागद हातात नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

हे सांगण्याचे कारण असे की, पुढे हडूप नावाच्या व्यवस्थेशी आमचा संबंध आला तेव्हा तिच्यातली मुख्य गोष्ट आम्हाला चटकन समजली. आमचा भाचा संगणकाचा डिप्लोमा करून घरी बसला होता. जाहिरातींत हडूपचा अनुभव मागतात, आणि अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही. तो म्हणाला, "मामू, चार जुने संगणक मिळवून द्या. अनुभव आपण घरीच तयार करू." एक सायबर कॅफे बंद होत होता, तिथून चार संगणक आणले आणि गोदामाच्या माळ्यावर मांडले. तिथे जे शिकलो, ते वाचक बंधूंसमोर ठेवत आहोत.

हडूप म्हणजे काय?

पूर्वीची रीत अशी होती की, माहितीचा साठा वाढला की मोठे आणि महाग यंत्र घ्यायचे. गूगल कंपनीने वेगळा रस्ता धरला. साधी, स्वस्त यंत्रे पुष्कळ घ्यायची, त्यांतली काही रोज बिघडणारच हे आधीच गृहीत धरायचे, आणि एखादे बिघडले तरी काम थांबू नये अशी मांडणी करायची. ही मांडणी त्यांनी २००३ आणि २००४ मध्ये दोन निबंधांतून जाहीर केली. डग कटिंग आणि माइक कॅफरेला हे दोघे तेव्हा नच नावाचे शोधयंत्र बनवीत होते. त्यांनी त्या निबंधांवरून स्वतःची व्यवस्था लिहिली. २००६ मध्ये ती अपाचे संस्थेखाली हडूप या नावाने वेगळी झाली. हडूप हे कटिंग यांच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचे नाव! ही व्यवस्था मोफत आहे, परवान्याचा पैसा लागत नाही. आपल्या आधारच्या यंत्रणेतही तिचा वापर झाल्याचे आधार प्राधिकरणाच्या तांत्रिक दस्तऐवजात नमूद आहे.

आता हे आपल्या भाषेत समजून घेऊ. एका पेढीची तीन गोदामे आहेत आणि एक मुनीम आहे. माल आला की त्याच्या सारख्या मापाच्या गाठी बांधतात. हडूपमध्ये अशा एका गाठीचे, म्हणजे ब्लॉकचे, माप साधारणपणे १२८ एमबी असते. प्रत्येक गाठीच्या दोन किंवा तीन हुबेहूब नकला करून त्या वेगवेगळ्या गोदामांत ठेवतात. काही सांगितले नाही तर हडूप तीन नकला धरते. मुनिमाला नेमनोड म्हणतात आणि गोदामाला डेटानोड. मुनिमाकडे माल नसतो, फक्त वही असते. कोणती फाइल कोणत्या गाठींची बनली आहे, हे त्या वहीत असते. कोणती गाठ कोणत्या गोदामात पडली आहे हे मात्र तो वहीत लिहीत नाही. ते प्रत्येक गोदाम स्वतः त्याला कळवते. शिवाय प्रत्येक गोदाम दर ३ सेकंदांनी "मी हजर आहे" असा निरोप पाठवते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तीन गोदामांतली सारी बिले एका जागी वाहून आणून बेरीज करायची, की प्रत्येक गोदामातल्या माणसाला सांगायचे, "तुझ्याकडची बिले पार्टीवार लाव"? हडूप दुसरा मार्ग घेते. प्रत्येक यंत्र आपल्याजवळची बिले चाळून पार्टीचे नाव आणि रक्कम अशा चिठ्ठ्या काढते. याला मॅप म्हणतात. मग एका पार्टीच्या साऱ्या चिठ्ठ्या एका जागी येतात आणि त्यांची बेरीज होते. त्याला रिड्यूस म्हणतात. कोणत्या यंत्राला कोणते काम आणि किती मेमरी द्यायची, हे पाहणाऱ्या मुकादमाचे नाव यार्न. सुताच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको.

सामान

आमच्या चार संगणकांपैकी एकात ८ जीबी मेमरी होती. तो मुनीम केला. उरलेल्या तिघांत ४ जीबी मेमरी आणि ५०० जीबीची डिस्क होती. ती गोदामे झाली. चारही यंत्रांवर लिनक्स टाकले, उबुंटू सर्व्हरची २०२२ मधली दीर्घ मुदतीची आवृत्ती. पडद्यावरची चित्रे आणि खिडक्या मुद्दाम घेतल्या नाहीत, कारण त्या मेमरी खातात. जुन्या डिस्क घेताना प्रत्येकीची तब्येत तपासून घ्यावी. लिनक्समध्ये त्यासाठी स्मार्टसीटीएल नावाचे मोफत साधन आहे. आमच्या तीनपैकी एका डिस्कवर खराब जागा निघाल्या. ती आम्ही लगेच बदलली.

एका बाबतीत कंजूषी करू नये, ती म्हणजे स्विच. सायबर कॅफेचा जुना स्विच १०० मेगाबिटचा होता. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी माल जातो. म्हणजे एक जीबी एका यंत्रातून दुसऱ्यात जायला दीड मिनिटाच्या आसपास लागणार. गिगाबिटचा स्विच त्याच्या दहापट वेगाचा असतो. गाठींच्या नकला सतत इकडून तिकडे जात असतात, तेव्हा रस्ता रुंदच हवा. वायफायवर हे काम करू नये, तारच टाकावी.

नाव आणि पत्ता

प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता आणि नाव द्यावे. आम्ही मुनीम, गोदाम१, गोदाम२, गोदाम३ अशीच नावे दिली. चौघांच्या होस्ट्स नावाच्या फाइलीत चौघांची नावे आणि पत्ते लिहिले. इथे पहिला खड्डा आहे. उबुंटू बसवताना त्या फाइलीत यंत्राचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्यावर आपोआप लिहून टाकते. या पत्त्याचा अर्थ "मी स्वतः" असा आहे. मग मुनीम आपले दुकान घराच्या आतल्या खोलीत मांडून बसतो आणि बाहेरून गोदामे हाका मारत राहतात. सारे सुरू झाल्यासारखे दिसते, पण एकही गोदाम हजेरी लावत नाही. आमचे यात दोन दिवस गेले. ती ओळ काढून टाकली आणि पाच मिनिटांत तिन्ही गोदामे हजर झाली.

यानंतर चौघांवर हडूप नावाचा वेगळा वापरकर्ता केला. मुनिमाला बाकी तिघांत पासवर्डशिवाय जाता यावे म्हणून एसएसएचच्या किल्ल्या बनवून दिल्या. चौघांची घड्याळेही एकसारखी केली. घड्याळे पुढेमागे असली की नोंदींच्या वेळा जुळत नाहीत आणि चूक शोधणे कठीण होते.

हडूप बसवणे

हडूप जावावर चालते. आम्ही हडूपची ३.३ मालिका घेतली. ती जावा ८ आणि जावा ११ या दोन्हींवर चालते. दोन्ही गोष्टी चारही यंत्रांवर एकाच नावाच्या जागी ठेवाव्यात. जावा कुठे आहे, ते हडूपच्या वातावरण फाइलीत स्पष्ट लिहावे लागते. लिहिले नाही तर पहिल्याच पायरीला गाडी अडते.

मग चार मांडणी फाइली. कोअर-साइट या फाइलीत मुनिमाचा पत्ता. एचडीएफएस-साइटमध्ये किती नकला आणि माल व वही कोणत्या फोल्डरमध्ये. मॅपरेड-साइटमध्ये हिशेबाचे काम यार्नकडे द्यायचे ही सूचना. यार्न-साइटमध्ये मुकादमाचा पत्ता आणि प्रत्येक यंत्राने किती मेमरी द्यायची ते. याशिवाय वर्कर्स नावाच्या फाइलीत तिन्ही गोदामांची नावे.

यात दोन ठिकाणी थांबून विचार करावा.

पहिले, नकला किती? आम्ही दोन ठेवल्या. तीन गोदामांत तीन नकला ठेवल्या तर एक गोदाम गेल्यावर तिसरी नक्कल ठेवायला जागाच राहत नाही आणि व्यवस्था कायम अपुरी म्हणून ओरडत बसते. दोन ठेवल्या तर एक गोदाम गेल्यावर उरलेली दोन आपसात पुन्हा दोन नकला पुऱ्या करतात. शिकण्यासाठी हे जास्त बरे, कारण दुरुस्ती डोळ्यांनी पाहता येते. खऱ्या कामात मात्र यंत्रे जास्त आणि नकला तीन, हाच रिवाज योग्य.

दुसरे, मेमरी. काही सांगितले नाही तर प्रत्येक यंत्राकडे कामासाठी ८ जीबी आहे असे यार्न समजते. आमच्या गोदामांत एकूणच ४ जीबी होती. ज्याच्या घरी चार भाकऱ्या आहेत त्याच्याकडे आठ पाहुणे पाठवले तर काय होईल? यंत्र गुदमरते आणि कामे मधेच मारली जातात. लिनक्स आणि गोदामाच्या कारभारापुरती मेमरी राखून आम्ही प्रत्येकी अडीच जीबी कामाला दिली.

मग मुनिमाची वही कोरी करून घ्यावी लागते. याला फॉरमॅट म्हणतात, आणि ते आयुष्यात एकदाच करायचे असते. ते झाल्यावर सारे सुरू केले. कोणत्या यंत्रावर कोणता कारभार चालू आहे, हे जेपीएस या आज्ञेने कळते. मुनिमाच्या ९८७० क्रमांकाच्या दारावर ब्राउझरने गेले की एक पान उघडते. त्यावर तीन गोदामे जिवंत असा आकडा दिसला, तेव्हा आमच्या माळ्यावर चहा मागवला गेला.

माल आहे, खतावणी नाही

तो चहा लवकर आला होता. त्या संध्याकाळी आम्ही आमच्या बिलांची नक्कल क्लस्टरवर चढवली, दुकान बंद करताना चौघांची वीज नीट बंद केली आणि घरी गेलो. सकाळी सुरू केले तर मुनीम उठेना. त्याची वही जागेवर नव्हती.

चूक आमची होती. गोदामांचा माल मोठ्या डिस्कवरच्या पक्क्या फोल्डरमध्ये ठेवायला आम्ही सांगितले होते, कारण माल मोलाचा असे वाटले. वही कुठे ठेवायची ते सांगितलेच नाही. न सांगितल्यास हडूप ती टीएमपी नावाच्या तात्पुरत्या फोल्डरखाली ठेवते, आणि उबुंटू यंत्र पुन्हा सुरू होताना तो फोल्डर झाडून टाकते. सेकंडरी नेमनोड नावाचा एक मदतनीस असतो. नावावरून वाटते की मुनीम पडला तर हा गादीवर बसेल. तसे नाही. तो फक्त ठरावीक वेळाने वहीतल्या नोंदी एकत्र करून नीट मांडतो. त्याच्याकडे वहीची एक जुनी प्रत असते खरी. पण आम्ही त्यालाही त्याच यंत्रावर, त्याच टीएमपीखाली ठेवले होते. दोन्ही गेले.

तिन्ही डिस्कवर आमची बिले जशीच्या तशी पडून होती. एक अक्षरही नष्ट झाले नव्हते. पण कोणती गाठ कोणत्या फाइलीची आणि तिचा नंबर कितवा, हे सांगणारे कोणी नव्हते. गोदाम भरलेले आणि खतावणी जळालेली, अशी पेढीची गत.

मुलांनी घाईने पुन्हा फॉरमॅट केले. मुनीम उठला, तर गोदामे हटून बसली. कारण फॉरमॅट करताना क्लस्टरला नवा ओळख क्रमांक मिळतो आणि गोदामांच्या कपाळावर जुना क्रमांक असतो. क्रमांक जुळत नाही म्हणून गोदाम कामावर येत नाही. आम्हाला ही हट्टी वागणूक आवडली. अनोळखी मुनिमाला माल न दाखवणारा गोदामवाला चांगलाच म्हणायचा. शेवटी गोदामे रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली.

सुदैवाने ही फक्त नक्कल होती. मूळ बिले दुकानात सुरक्षित होती. पण २०१९ ची आठवण होऊन त्या सकाळी आमचे हातपाय गार पडले हे खरे. दुसऱ्या मांडणीत वही पक्क्या जागी ठेवली, तीही दोन वेगळ्या डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाईल अशी, आणि त्या मदतनिसाला गोदाम१ वर बसवले.

आता खरी परीक्षा

सुरू झाले म्हणजे चालले असे नव्हे. आम्ही सहा परीक्षा घेतल्या. कोणीही घ्याव्यात.

पहिली, नेऊन आणण्याची. एक मोठी फाइल क्लस्टरवर चढवली, परत उतरवली आणि दोन्हींचा एमडी५ ठसा जुळवला. ठसा म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. ठसे जुळले.

दुसरी, वजन टाकण्याची. हडूपबरोबर टेराजेन, टेरासॉर्ट आणि टेराव्हॅलिडेट ही तीन तयार साधने येतात. पहिले मनमानी ओळी तयार करते, प्रत्येक ओळ १०० बाइटची. दुसरे त्या क्रमाने लावते. तिसरे क्रम बरोबर लागला का ते तपासते. आम्ही १ कोटी ओळी केल्या, म्हणजे १०० कोटी बाइट, साधारण एक जीबी. टेराजेनने त्या दोन फाइलींत लिहिल्या, त्यांच्या मिळून आठ गाठी झाल्या आणि दोन नकलांच्या हिशेबाने सोळा. क्रम बरोबर लागला.

तिसरी, वेगाची. इथे आमचा एक गैरसमज दूर झाला. आमची बिलांची लहान फाइल एका संगणकावर साध्या पद्धतीने पटकन चाळून होते. क्लस्टरवर तेच काम उशिरा झाले. कारण माणसे गोळा करणे, काम वाटणे, चिठ्ठ्या जमा करणे यातच वेळ जातो. दोन तागे न्यायला ट्रक सांगितला तर ट्रक भरण्या-उतरवण्यातच दिवस जाणार. माल भरपूर असेल तेव्हाच ट्रक परवडतो.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. भाचा म्हणाला, "मामू, प्लग तुम्हीच काढा." क्रम लावण्याचे काम चालू असताना आम्ही गोदाम२ चा प्लग ओढला. काम थांबल्यासारखे वाटले. बराच वेळ काही हलले नाही. मुनीम लगेच घाबरत नाही. नेहमीच्या मांडणीत तो १० मिनिटे ३० सेकंद वाट पाहतो आणि मगच गोदाम मेले असे धरतो. तार सैल झाली, यंत्र क्षणभर अडखळले, एवढ्यावरून त्याने सारा माल हलवायला घेतला तर धांदल उडेल. वेळ संपली. पानावर जिवंत गोदामे दोन आणि मृत एक असा आकडा आला. गोदाम२ कडचे अपुरे काम दुसऱ्यांनी पहिल्यापासून केले आणि ते पूर्ण झाले. एकच नक्कल उरलेल्या गाठींचा आकडा वर गेला आणि मग आमच्या डोळ्यांसमोर कमी कमी होत शून्यावर आला. उरलेल्या दोन गोदामांनी आपसात नकला पुऱ्या केल्या होत्या.

मग आम्ही गोदाम२ परत जोडले, थोडे थांबलो आणि गोदाम३ चा प्लग काढला. एफएसके नावाची तपासणी चालवली तर काही गाठी हरवल्याचे निघाले! दोन नकला असताना एका गोदामाने माल कसा हरवेल? शोधल्यावर कळले की टेरासॉर्ट आपला क्रमवार लावलेला माल मुद्दाम एकाच नकलेत ठेवते, कारण ती परीक्षेची फाइल आहे, जपण्याची नव्हे. आम्ही एचडीएफएस-साइटमध्ये दोन लिहिले होते, पण एखादे साधन आपल्या कामापुरते ते बदलू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. गोदाम३ परत जोडल्यावर गाठी परत दिसल्या. हा धडा प्लग न काढता कळलाच नसता.

पाचवी, मुनीम बंद करण्याची. मुनीम बंद केला आणि सारी पेढी थांबली. माल गेला नाही, पण कोणाला काही देता येईना. परत सुरू केल्यावर तो काही वेळ सेफ मोडमध्ये राहतो, म्हणजे नवा माल घेत नाही. गोदामांकडून जवळपास सर्व गाठींची, म्हणजे ९९.९ टक्क्यांची, खबर येईपर्यंत तो दार पूर्ण उघडत नाही. हे बिघाडाचे लक्षण समजून घाई करू नये. मोठ्या ठिकाणी एक मुनीम पडला तर दुसरा गादीवर बसेल अशी मांडणी करतात. त्यासाठी यंत्रे जास्त लागतात. आमच्याकडे ती नव्हती.

सहावी, पुसून पाहण्याची. क्लस्टरवरची एक फाइल मुद्दाम पुसली. दोन्ही नकला गेल्या. व्यवस्थेने इमानदारीने हुकूम पाळला. कचरापेटीची सोय असते, पण नेहमीच्या मांडणीत ती बंद असते. ती चालू करून आम्ही एक दिवसाची मुदत ठेवली. यातून समजायचे ते हे की, नकला यंत्राच्या मरणापासून वाचवतात, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी प्रतच हवी.

एक इशारा द्यायला हवा. नेहमीच्या मांडणीत हडूप नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवते. "मी अमुक" म्हटले की त्याला तोच समजते. पक्की ओळख तपासण्यासाठी कर्बेरॉस नावाची वेगळी व्यवस्था लावावी लागते. तेव्हा असे क्लस्टर घरच्या तारेवरच ठेवावे. त्याची दारे इंटरनेटवर उघडी टाकली तर बाहेरचा माणूस आपल्या यंत्रांवर स्वतःची कामे चालवू शकतो.

आपल्या धंद्याला याची गरज आहे काय?

हिशेब करून पाहू. दिवसाला २०० बिले, वर्षाचे ३०० दिवस, अशी १० वर्षे. झाली ६ लाख बिले. एका बिलाची नोंद २०० बाइटची धरली तर १२ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ११५ एमबी. हडूपची एक गाठ १२८ एमबीची. म्हणजे आमच्या दुकानाची दहा वर्षांची बिले एका गाठीतही पुरी मावतात! अशा मालासाठी तीन गोदामे आणि मुनीम ठेवणे म्हणजे नुसती हौस. कोणी दुकानदाराला बिग डेटाच्या नावाने महाग यंत्रे विकू लागला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

मग याचे काम कुठे? समजा १००० मागांवर मोजणीची यंत्रे बसवली आणि प्रत्येक माग दर सेकंदाला ५० बाइटची एक ओळ पाठवतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसाला ४३२ कोटी बाइट, म्हणजे ४ जीबीहून जास्त, आणि वर्षाला दीड टेराबाइटहून जास्त. कोणता माग किती वेळ बंद राहिला, कोणत्या सुताचा धागा जास्त तुटला, हे त्यातून काढायचे असेल तर एक यंत्र दमते. तिथे असे क्लस्टर उपयोगी पडते.

आणि दुसरे काम आमच्या भाच्याचे. माळ्यावरच्या या उद्योगानंतर त्याला एका मुलाखतीत विचारले गेले, "चालू कामात एखादे डेटानोड गेले तर काय होते?" बाकी मुलांनी पुस्तकातले उत्तर दिले. याने साडेदहा मिनिटांची वाट, शून्यावर येणारा आकडा आणि हरवलेल्या गाठींची गोष्ट सांगितली. त्याला कामावर घेतले. हुन्नर हाताने शिकावा लागतो, तो माग असो की संगणक. ज्यांच्या घरी अशी मुले बसून आहेत त्यांनी चार जुनी यंत्रे मिळवून द्यायला हरकत नाही. चार मिळाली नाहीत तर एकाच संगणकावर हडूपचे सारे कारभार एकत्र चालवता येतात. सुरुवातीला तेवढेही पुरते. फक्त प्लग काढून पाहण्याची परीक्षा तिथे घेता येत नाही.

दुकानाच्या बिलांसाठी मात्र आम्ही साधाच मार्ग ठेवला आहे. एक प्रत दुकानाच्या संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घरी. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून तिच्यातून मागच्या वर्षातले कोणतेही एक बिल काढतो आणि बिलबुकातल्या कागदाशी ताडून पाहतो. याला दहा मिनिटे लागतात. वाचक बंधूंनी हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे. आपली नक्कल कुठे आहे ते शोधावे, ती उघडावी आणि तिच्यातले एक बिल वाचून पाहावे. उघडली तर बरे. उघडली नाही तर आजच कळले हे त्याहून बरे, कारण मूळ अजून जागेवर आहे.